तुरुंग आणि घर : काही टिपणे

येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या मुलाखत-खोलीबाहेर सकाळपासूनच रांग लागते. रांगेत बायका जास्त. कुणी रात्रीच्या एस.टी.नं आलेली, कुणी अर्ध्या दिवसाचा खाडा करून. हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि पिशवीत कपड्यांचा एक जोड. पहिल्यांदा आलेलीला जुनी बाई सगळं समजावून सांगते : मोबाइल आत नेता येत नाही, डबा आणला असशील तर बाहेरच ठेव, आणि आत गेल्यावर रडत बसू नकोस. आधी वकिलाचं विचारून घे, मग पोरांचं सांग. वेळ कधी संपते, कळतसुद्धा नाही.

*

आत मधे काच आणि दोन्ही बाजूंना इंटरकॉमचे फोन. शेजारीपाजारी सगळेच बोलत असतात, त्यामुळे प्रत्येकाचा आवाज चढलेला. एका बाईनं एका हातानं रिसीव्हर धरला होता आणि दुसऱ्या हातानं मुलीची गुणपत्रिका काचेला टेकवली होती. नवरा पलीकडून एकेक विषय वाचत होता. गणिताशी थांबला आणि त्यानं पुन्हा वाचलं. मग मुलीला फोन द्यायला सांगितलं. क्लास लावायचा का, पैसे कुठून आणायचे, कुठल्या मास्तरांना विचारायचं, यातच त्यांची सगळी वेळ गेली. केसचा विषयच निघाला नाही. तेवढ्या मिनिटांपुरता तो कैदी नव्हता, बाप होता.

*

ही भेट म्हणजे तुरुंगानं केलेली मेहेरबानी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलीन खटल्यात स्पष्ट केलं की स्थानबद्ध माणसाला घरच्यांना आणि वकिलाला भेटता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. रांगेतल्या बायकांना हे कुणी सांगत नाही. त्या खिडकीशी हात जोडूनच उभ्या राहतात.

*

राज्यातल्या कारागृहांमध्ये ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो. शिक्षा झालेल्या बंद्यांची लहान मुलं आत येतात. मधे काच नसते, जाळी नसते. बाप मुलाला मांडीवर घेतो, खाऊ भरवतो. तुरुंगातल्या सगळ्या उपक्रमांत खर्च सर्वांत कमी याचाच असावा आणि गुण सर्वांत जास्त.

*

फोनचंही आता बरंच बदललं. पूर्वी नाणी टाकायचा डबा होता. २०२३ मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डावर चालणारे फोन आले. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला सहा मिनिटं. ज्याचं घर दूरच्या जिल्ह्यात किंवा परराज्यात आहे, ज्याच्या आईला प्रवास झेपत नाही, त्याला ही सहा मिनिटं फार मोलाची. मुलाखतीला वर्षवर्ष कुणी न आलेली माणसं प्रत्येक बराकीत असतात.

*

एक गोष्ट मात्र सोय म्हणून आली आणि काहीतरी घेऊन गेली. कच्च्या कैद्याला तारखेला कोर्टात नेत, तेव्हा घरचे व्हरांड्यात थांबत. पोलिसाला विनवून दोन शब्द बोलायला मिळत, पाणी पाजता येई, तब्येत डोळ्यांनी बघता येई. आता बऱ्याच तारखा तुरुंगातूनच व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर होतात. सरकारचा बंदोबस्त वाचतो, पण ती व्हरांड्यातली भेट गेली. देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे जवळजवळ तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय असे. बुडालेल्या त्या भेटीची भरपाई दुसऱ्या भेटीनंच व्हायला हवी. ती कुठल्याच हिशेबात धरलेली नाही.

*

कामाचं. येरवड्यात हातमाग आहे, सुतारकाम आहे, शिवणकाम आहे, छापखाना आहे. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी मजुरी ठरलेली. कमी असते, पण स्वतःच्या घामाची असते.

या मजुरीच्या आधारावर महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं २०२२ च्या महाराष्ट्र दिनी येरवड्यात ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू केली. ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के. कर्ज कैद्याच्या नावावर, फेड त्याच्या मजुरीतून, पैसे घरच्यांच्या गरजेला. मुलांची फी, आजारपण, वकील. घरचा कर्ता माणूस आत गेला की घरात त्याचं नाव घेणं हळूहळू बंद होतं. हप्ता फेडणाऱ्याचं नाव मात्र घरात राहतं.

*

शिक्षण : यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नूची अभ्यासकेंद्रं आत आहेत. परीक्षा पास झाल्यावर शिक्षेत माफी मिळते, म्हणजे पुस्तक उघडलं की घर तेवढं जवळ येतं.

*

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले. असे अठरा रविवार. साने गुरुजी ते उतरवून घेत होते. त्याआधी १९३० मध्ये गांधीजी येरवड्यातून दर आठवड्याला साबरमती आश्रमाला पत्र पाठवत. मंगळवारी सकाळी प्रार्थनेनंतर ते लिहायला बसत. आपण ही उदाहरणं तुरुंगातल्या साधनेची म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंही दिसतं. विनोबांचं बोलणं ऐकायला आत माणसं होती, गांधीजींचं पत्र वाचायला भिंतीबाहेर. चोरीत किंवा मारामारीत आत गेलेल्या मुलाला तो श्रोता नसतो. त्याच्यासाठी तो मुद्दाम उभा करावा लागतो.

*

रजेचा नियम बघा. शिक्षा झालेल्याला संचित रजा मिळते, अडीअडचणीला अभिवचन रजा. पण १९५९ च्या नियमांनुसार संचित रजेसाठी त्याला घरात घ्यायला तयार असलेला आणि जामीन राहणारा नातेवाईक लागतो. वागणूक उत्तम, काम चोख, तरी भावानं ‘नको’ म्हटलं की अर्ज तिथंच अडतो. ज्याचं घर तुटलं त्याची रजाही तुटली. म्हणून माझं म्हणणं : सुधारणा म्हणजे आधी घर टिकवणं. बाकीचे उपक्रम त्यानंतर.

*

हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे. औंध संस्थानानं १९३९ मध्ये तिथं स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी केली. मूळ पोलंडचे, गांधीजींच्या प्रभावाखाली आलेले मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचं. भिंत नाही. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ या प्रयोगावरून सुचला. कथा गदिमांची, म्हणजे त्याच माणदेशच्या माणसाची. सिनेमा सगळ्यांना आठवतो. वसाहत अजून चालू आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मुक्कामाला बायकोमुलं असलेला माणूस पळून कशाला जाईल?

*

तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल तर पत्र लिहा. पाकिटावर पूर्ण नाव, कैदी नंबर आणि कारागृहाचा पत्ता. पत्र अधिकारी वाचतात, हे धरून लिहा. केसबद्दल काही लिहू नका. उपदेश करू नका, तो आत भरपूर मिळतो. पाऊस कसा झाला, म्हैस व्याली का, कुणाचं लग्न ठरलं, धाकट्यानं काय खोडी केली, ते लिहा. वर तारीख घाला, कारण पत्रं मागंपुढं पोचतात. उत्तर आलं नाही तरी पुढचं पाठवा. आतल्या माणसाला लिहायला सुचत नाही म्हणजे त्याला वाचायचं नसतं असं नाही.