ॲक्सेप्ट ऑल

मराठी विभागासाठी मी लिहितेय म्हटल्यावर रूम पार्टनर पोट धरून हसली. मी पक्की कॉन्व्हेंटवाली. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा मलाही नाही. शाळेत सिस्टर लाल पेनने चूक दाखवायच्या आणि तो शब्द पाच वेळा लिहून आणायला लावायच्या. हात दुखायचा, पण चूक लक्षात राहायची.

गेल्या सेमला मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट आम्ही तिघींनी लेटेकमध्ये लिहिला. गाइड सरांनी लाल पेनाऐवजी ‘चेंजेस’ हे पॅकेज वापरलं. त्यात नवा मजकूर ‘ॲडेड’च्या महिरपी कंसात असतो, काढायचा तो ‘डिलीटेड’च्या. ‘रिप्लेस्ड’ला दोन कंस: पहिल्यात नवं, दुसऱ्यात जुनं. ‘फायनल’ ऑप्शन दिला की पीडीएफमधल्या खुणा जातात, पण सोर्स फाइलमध्ये तशाच राहतात. सरांना सोर्सही स्वच्छ हवा होता. अशा जागा २०० च्या वर आणि सबमिशन सकाळी १० ला!

फाइंड-रिप्लेस करून पाहिलं. आत इटॅलिक्सचा कंस असला की भलताच कंस उडायचा. मग विममध्ये मॅक्रो रेकॉर्ड केला. पुढचा ‘ॲडेड’ शोध, उघड्या कंसावर जा, टक्क्याची की दाबून त्याच्या जोडीच्या कंसावर उडी मार, तो पुस, परत ये, बॅकस्लॅशपासून कंसापर्यंत सगळं पुस. बाकी दोघांसाठी आणखी दोन मॅक्रो. प्रत्येकाला सांगितलं, ३०० वेळा चाल. शोधूनही काही सापडेना की तो आपोआप थांबतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत फाइल साफ! रात्री १ वाजता आम्ही मॅगी करून सेलिब्रेट केलं.

सकाळी सरांनी रिपोर्ट उघडला, पान २३ काढलं आणि म्हणाले, ‘‘वाच.’’

सोलर पॅनेलच्या रीडिंग्जखाली छापलं होतं: ढगाळ दिवशी २ वाजताचा करंट १ आणि ३ च्या बरोबर मधोमध कसा आला?

शेऱ्यासाठी ‘कॉमेंट’ ही वेगळी कमांड असते, पण सरांनी प्रश्न ‘ॲडेड’मध्येच लिहिला होता. मॅक्रोला काय, कंस दिसला की सोडवला. आम्ही तिघींपैकी एकीनेही तो वाचला नव्हता.

त्या दिवशी २ वाजता मी रूमवर झोपले होते. सरासरी काढून आकडा भरला होता. पार्टनर्सना पत्ताच नव्हता.

‘‘मॅक्रोने मान्य केलंय,’’ सर म्हणाले, ‘‘तू करतेस?’’

केलं. दोघी दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन गच्चीवर माझ्या आधी हजर! सकाळी ९ ते संध्याकाळी ५, दर तासाला रीडिंग. रिपोर्ट उशिरा गेला, मार्क कापले गेले, तिघींचेही. ते मला अजून टोचतं.

मॅक्रो माझ्याकडे आहे. कोणाला हवा असेल तर जरूर मागा. फक्त मी आता तो ३०० वेळा चालवत नाही. एक बदल, तो वाचायचा, मग पुढचा.

आणि संपादक, या लेखात लाल पेन बिनधास्त चालवा. शब्द पाच वेळा लिहून आणीन.