मडगार्डवरची एरियल

घरात रेडिओ असणे ही आज मुद्दाम सांगण्याजोगी गोष्ट राहिलेली नाही. पण आपल्या वाचकांपैकी जे वयाने वडील आहेत त्यांना आठवत असेल, की एके काळी गावात रेडिओ कोणाकडे आहे हे छपराकडे पाहूनच कळत असे. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन तारा लागत. एक दोन बांबूंच्या मध्ये उंच ताणलेली एरियलची, दुसरी जमिनीत पुरलेली अर्थिंगची. शिवाय पोस्टात दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात अशी तार एकाच घरावर होती. ते घर म्हणजे मालगुजाराचा वाडा. मालगुजारी 1951 साली गेली, पण वाडा राहिला आणि त्यावरची तारही राहिली.

3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरून बाबासाहेबांचे भाषण झाले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी त्यात सांगितले. आमच्या वस्तीत ते कोणालाच ऐकायला मिळाले नाही. 6 डिसेंबर 1956ची बातमी मात्र माझ्या वडिलांनी त्या वाड्याच्या भिंतीबाहेर, गल्लीत उभे राहून ऐकली. तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. रेडिओ आत होता आणि ज्यांच्या घरची ती बातमी होती ते बाहेर उभे होते.

वडील पुढे ड्रायव्हर झाले. बरीच वर्षे दुसऱ्याच्या गाड्या चालवून 1986 साली त्यांनी कर्ज काढले आणि एक जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर असलेली ही गाडी पूर्वी फियाट म्हणूनच ओळखली जाई. आता तिचे दिवस संपले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. वडिलांनी मात्र त्या गाडीवर चार लेकरांची शिक्षणे केली. वर्धा स्टेशन ते सेवाग्रामचा दवाखाना हा त्यांचा रोजचा रस्ता. पेशंटचे नातेवाईक आत गेले की वडील गाडीत रेडिओ लावून बसत. डाव्या मडगार्डवरची एरियल ते रोज कापडाने पुसत.

पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. गाडी अंगणात उभी राहिली, पण संध्याकाळी ड्रायव्हरच्या सीटवर बसून नागपूर केंद्र ऐकण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. 2008 साली कापसाने भरलेली बंडी घासून गेली आणि एरियल बुडापासून मोडली. एका दुकानातून नवी बसवून आणली, तर रेडिओतून नुसती खरखर. दुकानदार म्हणाला, रेडिओ जुना झाला, भंगारात द्या.

वडिलांनी एरियलच्या बुडाला बोट लावून पाहिले आणि म्हणाले, "रेडिओ नाही बिघडला. दांडी उभी केली, पण तिले जमीन नाही भेटली."

माझी मुलगी तेव्हा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करत होती. तिने मीटर आणले. दांडीचे टोक आणि वायरच्या पिनची मधली तार यांत जोड होती. दांडी आणि मडगार्डचा पत्रा यांत जोड नव्हती, तीही ठीक. पण वायरच्या बाहेरच्या जाळीची पत्र्याशी जोड असायला हवी, ती कुठेच नव्हती. दुकानदाराने रंगावरच एरियल कसली होती.

यातले कारण समजून घेण्यासारखे आहे. नागपूर केंद्र 585 किलोहर्ट्झवर लागायचे. ती लहर पाचशे मीटरहून लांब आणि आपली दांडी जेमतेम मीटरभर. एवढीशी दांडी एकटी काही पकडू शकत नाही. गाडीचा सगळा पत्रा तिचा दुसरा अर्धा भाग होतो, तेव्हाच आवाज येतो. शिवाय जाळीला पत्रा मिळाला नाही, तर इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर सरळ रेडिओत शिरते.

मुलीने आधी बॅटरीची तार काढली. मडगार्डच्या आतून भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला. वर रबर बसवले, खाली दातेरी वायसर लावून नट कसला. उघड्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ग्रीस लावले. वायर प्लगच्या तारांपासून दूर नेऊन रबराच्या बुशीतून डॅशबोर्डखाली ओढली. वडील शेजारी उभे राहून प्रत्येक जोड बोटाने चाचपत होते. शेवटी रेडिओच्या अंगावरचा बारीक स्क्रू, ज्याला ट्रिमर म्हणतात, तो राहिला. काट्याच्या वरच्या टोकाला एक अंधूक स्टेशन लावून, आवाज सर्वांत मोठा होईल तिथे तो थांबवायचा असतो. मुलीने विचारले, "आबाजी, बस्स?" ते म्हणाले, "अजून थोडा." कान त्यांचा आणि हात तिचा. मग काटा नागपूरवर आणला, तर आवाज स्वच्छ, शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत जाणारा.

सगळ्याला एक दुपार लागली. मुलीच्या कोर्सची फी भरताना आमच्या घरात थोडी कुरकुर झाली होती. त्या दिवसानंतर ती कोणी केली नाही. आज ती स्वतः कमावते आणि तिच्या पेटीत तेच मीटर आहे.

त्या संध्याकाळी आवाज ऐकून गल्लीतली पोरे गाडीभोवती गोळा झाली आणि खिडकीतून आत डोकावू लागली. वडिलांनी चाचपडत गाडीचे चारही दरवाजे उघडले आणि म्हणाले, "बाहेर उभं राहून कोणी ऐकाचं नाही. आत बसा सारे."