गाव सोडलेली माणसे

खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. कऱ्हाडहून कडेगावमार्गे विट्याकडे निघाले की कृष्णाकाठचा ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. आता टेंभू योजनेचे पाणी इकडे आले आहे. आधीच्या पिढ्यांच्या वाट्याला मात्र दुष्काळच आला.

पोटासाठी इथली माणसे सोने-चांदीच्या गलाईला बाहेर पडली. केरळ, तामिळनाडू, बंगाल, जिथे सराफकट्टा तिथे विटा-आटपाडीचा माणूस. जुना दागिना मुशीत वितळवायचा, त्यात चांदी मिसळायची, मग तेजाबात टाकायचा. चांदी-तांबे विरघळते, सोने तळाशी राहते. त्या धुराने छाती पोखरते, तरी पोरे शिकली. ती शाळेत मल्याळम, तमिळ शिकतात, घरी मराठी बोलतात आणि यात्रेला गावी येतात. नातवंडांना गावची बोली समजते, पण उत्तर तिकडच्या भाषेत सुचते. आजीला याचे वाईट वाटते. पण ज्या गावाने भाकरी दिली, त्याची भाषा शिकणे म्हणजे आपली विसरणे नव्हे.

साताऱ्यातही एक कुटुंब असेच बाहेरून आले होते. सुभेदार रामजी मूळचे कोकणातल्या आंबडवे गावचे. त्यांच्या भिवाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील सरकारी शाळेत दाखल झाले. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. या घराची भाषा मराठीच होती आणि न्हाव्याला द्यायला पैसेही होते. तरी साताऱ्यातला न्हावी बाबासाहेबांचे केस कापीत नसे. ते काम थोरली बहीण करी.

म्हणजे परक्याला आपलेसे करायला भाषेची अडचण फार मोठी नसते. भाषा एका पिढीत शिकता येते. जातीची भिंत मात्र शेजाऱ्यांनीच पाडावी लागते.

दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठी येतात. फडाशेजारी त्यांच्या पालांत शाळेच्या वयाची मुले असतात. आपल्या गावच्या शाळेत त्या मुलांना आपल्या मुलांशेजारी बसवून घ्यावे. त्यांचे गाव जरूर विचारावे, जात विचारू नये.