आधी भार, मग आग

अग्नीविषयी आपल्या मनात एक भाबडी कल्पना असते. जे जळावयाचे ते जळते, आणि जे जळत नाही ते जसेच्या तसे राहते. लाकडी वाड्याचा कोळसा होतो. काँक्रीटची इमारत मात्र भिंती काळ्या करून घेऊन उभीच असते. रंग दिला की झाले! मी जन्मभर गणित शिकवीत आलो. स्थापत्य हा माझा प्रांत नव्हे. परंतु आगीत सापडलेल्या काँक्रीटचे गणित संगणकावर मांडणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यामुळे या विषयाने मला अलीकडे चांगलेच वेड लावले आहे.

काँक्रीटचा ठोकळा नुसता तापविला तर तो प्रसरण पावतो. तसाच दुसरा ठोकळा दाबाखाली ठेवून तापविला तर तो फारच थोडा वाढतो. दाब पुरेसा असल्यास उलट आखडतो. तिसरा आधी तापवून मग त्यावर तोच भार ठेवला, तर तो दुसऱ्याइतका आखडत नाही. भार तोच, उष्णता तीच. क्रम तेवढा बदलला आणि उत्तर बदलले! बेरजेत क्रमाला किंमत नसते असे पोरांना शिकविणाऱ्या माणसाला हे पचणे कठीणच. अँडरबर्ग व थेलँडरसन या स्वीडिश संशोधकांनी 1976 साली लुंड येथे या वर्तनाचे गणित मांडले. त्यातील मौज अशी की हे आखडणे पहिल्या तापण्यातच घडते. निवल्यावर तितकेच पुन्हा तापविले तर घडत नाही. म्हणजे गणित करणाऱ्याने खांबाच्या प्रत्येक कणाने आजवर किती ताप सोसला याची नोंद ठेवावयाची.

माफक दाबाखाली तापलेल्या काँक्रीटची शक्तीही अधिक टिकते, कारण दाबामुळे भेगा उघडत नाहीत. येथे संकटे व चारित्र्य यांवर प्रवचन झोडण्याचा मोह होतो. पण खांबाला प्रवचनाचा उपयोग नाही.

शिवाय इमारत म्हणजे सुटा ठोकळा नव्हे. प्रत्येक भाग शेजाऱ्याला बांधलेला. एक वाढू पाहतो, दुसरा त्यास अडवितो. स्वित्झर्लंडमधील ग्रेट्झेनबाख येथे 27 नोव्हेंबर 2004 रोजी एका भूमिगत मोटारतळास आग लागली. त्याचे छत तुळयांवाचून नुसत्या खांबांवर टेकलेले होते, आणि वर मातीचा भराव. आग विझविण्यास आत गेलेले असता खांब छतातून आरपार गेले, छत खाली आले आणि 7 अग्निशामक मृत्युमुखी पडले. भट्टीत एकेकट्या तापविलेल्या नमुन्यांवरून अशा छताचे भविष्य कळत नाही. त्यासाठी सबंध रचनेचे, तिच्यावरील भारासकट, गणित करावे लागते.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील गोदाम जळाले. चिटणीस म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, आग विझली. आता गिलावा करून मोकळे होऊ.” पण निवण्याचा काळही धोक्याचाच असतो. तापताना आखडलेला भाग निवताना आणखी आखडतो, आणि शेजारी त्यास सोडीत नाही. मग तो तडकतो. सुमारे 400 अंशांच्या पुढे सिमेंटमधील विरलेल्या चुन्याची पुन्हा चुनकळी होऊ लागते, आणि चुनकळीला पाणी लागले की ती फुगते हे पानदान सांभाळणाऱ्या आमच्या आजीलाही ठाऊक होते. तोंडावर पावसाळा होता. अभियंत्याने हातोडी ठोकली तेव्हा दोन खांब खणखणीत बोलले, तिसरा बद्द वाजला.

मी सभेत टेकूंच्या बाजूने बोललो. मत एकाने अधिक पडले. नमुने कापून तपासून होईपर्यंत टेकू काढावयाचे नाहीत असे ठरले. वरचे कुटुंब मुलीच्या परीक्षेच्या ऐन दिवसांत भाड्याच्या जागेत गेले. चिटणीस जिन्यात भेटले की अजून मान फिरवितात.