आमचा संघ आणि त्याचे कारभारी

पराभवाचें दुःख कसें सोसावें हें मराठी माणसास कोणीं शिकवावयास नको. पानिपताच्या हकीकतींत आमचा जीव जितका रमतो, तितका अटकेच्या विजयांत रमत नाहीं. प्रतिपक्ष आपल्याहून बलवान होता, एवढेंच पराभव सांगतो; आणि तें ऐकून घेण्यांत कमीपणा नसतो. परंतु आपला पक्ष मैदानावर हरण्यापूर्वींच कारभाऱ्यांच्या कचेरींत हरला होता, हें ज्याच्या ध्यानीं येतें त्याचें दुःख निराळें. त्यास प्रतिपक्षावर रागावतां येत नाहीं आणि आपल्या गड्यांसहि दोष देतां येत नाहीं. हें दुसऱ्या जातीचें दुःख आम्ही गेलीं कित्येक वर्षें एका बास्केटबॉलच्या संघापायीं भोगीत आहों. तो संघ पुण्याचा नाहीं, मुंबईचा नाहीं, कॅलिफोर्निया संस्थानाच्या राजधानीचा आहे, हें ऐकून आमचे स्नेही हसतात. त्यांनीं खुशाल हसावें. मन कोठें गुंतवावें हें ठरविण्याची मुभा परमेश्वरानें माणसास दिलेली नाहीं.

सॅक्रॅमेंटो किंग्ज हें त्या संघाचें नांव. याचें बिऱ्हाड प्रथमपासून पाठीवरच. रॉचेस्टर येथें असतांना १९५१ सालीं यानें अजिंक्यपद मिळविलें. तें पहिलें, आणि २०२५ पर्यंतच्या हिशेबानें शेवटचेंहि. पुढें तो सिनसिनाटीस गेला, तेथून कॅन्सस सिटीस, आणि १९८५ सालीं सॅक्रॅमेंटोस येऊन टेकला. २००२ सालीं तो यशाच्या अगदीं उंबरठ्यावर उभा होता. त्या वर्षीं ८२ पैकीं ६१ सामने जिंकून तो लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाशीं सातव्या सामन्यापर्यंत झुंजला, आणि स्वगृहीं, जादा वेळांत, हरला. त्यापूर्वींच्या सहाव्या सामन्यांत शेवटच्या चतुर्थांशांत लेकर्सना २७ मुक्त फेकी मिळाल्या होत्या. त्या आकड्यावरून तेथील लोक अद्यापि हळहळतात. पण तो पराभव पहिल्या जातीचा. तो पचवितां येतो. २००६ नंतर जें सुरू झालें तें मात्र पचण्यासारखें नव्हतें. ओळीनें १६ हंगाम या संघास बाद फेरीचें तोंड दिसलें नाहीं. एन. बी. ए. च्या इतिहासांत इतका दीर्घ दुष्काळ दुसऱ्या कोणत्याहि संघाच्या वांट्यास आलेला नाहीं.

अशा संघाशीं आमचा ऋणानुबंध जुळण्यास एक निमित्त झालें. २०१३ च्या मे महिन्यांत विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील मंडळीनें हा संघ विकत घेतला. रणदिवे जन्मानें मुंबईकर. अमेरिकेंत जाऊन संगणकाच्या धंद्यांत त्यांनीं नांव व द्रव्य दोन्ही मिळविलीं. रणदिवे हें आडनांव बास्केटबॉलच्या संघमालकांच्या यादींत वाचून आमची मान थोडी ताठ झाली, हें सांगावयास नकोच. पुढें २०१९ च्या ऑक्टोबरांत हा संघ वरळीस येऊन इंडियाना पेसर्स या संघाशीं दोन सामने खेळला. भारताच्या भूमीवर एन. बी. ए. च्या संघांचे ते पहिलेच सामने. घरच्या मालकाच्या जन्मगांवीं येऊनहि किंग्ज दोन्ही सामने हरले; पहिला जादा वेळांत, अवघ्या एका गुणानें. भक्तिमार्गाला लागण्यासाठीं याहून अधिक शकुन तो कोणता?

या भक्तीची वेळहि मोठी अडचणीची आहे. सॅक्रॅमेंटोस सायंकाळीं सातला सामना सुरू झाला म्हणजे हिवाळ्यांत आमच्याकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात. ज्या वेळीं सज्जन मनुष्य डबा घेऊन गाडी पकडण्यास धांवतो, त्या वेळीं आमचा संघ पहिल्याच चतुर्थांशांत दहा गुणांनीं मागें पडलेला असतो. रात्रीं झालेला पराभव झोपेंत बुडवितां येतो. सकाळचा पराभव दिवसभर बरोबर वागवावा लागतो.

आतां कारभाऱ्यांकडे वळूं. एन. बी. ए. मध्यें दरसाल नवोदित खेळाडूंची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. जो संघ दुबळा त्याला आधीं निवड करण्याची संधि मिळण्याचा संभव अधिक, अशी तिची व्यवस्था आहे. दुबळेपणाच्या बाबतींत आमच्या संघानें कधीं कसूर केली नसल्यामुळें त्याचा नंबर वरचेवर पुढें लागे. २००९ सालीं चौथ्या क्रमांकावर त्यानें टायरीक एव्हान्स यास घेतलें. स्टीफन करी सातव्या क्रमांकावर शेजारच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला. २०१२ सालीं पांचव्या क्रमांकावर थॉमस रॉबिन्सन यास घेतलें. डेमियन लिलार्ड लगेच सहाव्या क्रमांकावर पोर्टलंडला मिळाला. २०१८ सालीं तर सोडतींत दैवानें आपण होऊन दुसरा क्रमांक हातीं ठेवला. स्लोव्हेनियाचा लुका डोंचिच समोर होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं युरोपांतील प्रमुख स्पर्धेंत सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवून तो आला होता. आणि किंग्जचे त्या वेळचे व्यवस्थापक व्लादे दिवाच हे स्वतः युरोपांतून येऊन अमेरिकेंत गाजलेले खेळाडू. तरीहि किंग्जनीं मार्विन बॅगली यास पसंत केलें, आणि डोंचिच अटलांटामार्गें डॅलसला गेला.

यावर कोणी म्हणेल कीं उत्तरपत्रिका हातीं आल्यावर परीक्षकास नांवें ठेवणें सोपें असतें. हें म्हणणें रास्त आहे. विशीच्या आंतबाहेरच्या मुलांचें भविष्य वर्तविणें ज्योतिषालाहि साधत नाहीं. एव्हान्स पहिल्या वर्षीं नवोदितांत सर्वोत्तम ठरला होता. डोंचिचला तर पहिला क्रमांक लाभलेल्या फिनिक्सनेंहि सोडलें होतें. आणि ज्या डॅलसनें त्याला मिळविलें, ज्याला त्यानें २०२४ सालीं अंतिम फेरीपर्यंत नेलें, त्याच डॅलसनें २०२५ च्या फेब्रुवारींत त्याला लेकर्सच्या स्वाधीन केलें. तें वृत्त वाचून, कारभाऱ्यांची जात सर्व गांवीं एकच, एवढें समाधान आम्हीं पदरांत पाडून घेतलें. तेव्हां एखादी निवड चुकली म्हणून कोणास सुळीं देण्याची आमची इच्छा नाहीं.

आमची कसोटी निराळी आहे. आजचा निर्णय कालच्या निर्णयाशीं इमान राखतो कीं नाहीं, एवढेंच आम्ही पाहतों. ही कसोटी निकाल लागण्यापूर्वींहि लावतां येते, म्हणून ती न्यायाची आहे. आणि तीवर आमचा संघ कसा उतरतो तें पाहावें.

२०१७ सालीं पांचव्या क्रमांकावर किंग्जनीं डिॲरन फॉक्स यास घेतलें. चेंडू हातीं घेऊन वाऱ्यासारखा धांवणारा, सबंध डाव रचणारा हा गडी. पुढल्या वर्षीं डोंचिचचा प्रश्न आला तेव्हां, डाव रचणारा एक घरांत असतां तसाच दुसरा कशास, असा युक्तिवाद केला जात होता. ठीक, फॉक्सवर भरंवसा ठेवावयाचा असें ठरलें. २०२० सालीं अकरा संघांनीं डावललेला टायरीझ हॅलिबर्टन बाराव्या क्रमांकावर मिळाला. निवड उत्तम होती. पण तोहि डाव रचणाराच. दुसरा हंगाम पुरा होण्यापूर्वीं, २०२२ च्या फेब्रुवारींत, त्याला इंडियानास देऊन त्याच्या बदल्यांत डोमँटस साबोनिस आणला. बॅगलीचीहि त्याच आठवड्यांत बोळवण झाली. पुन्हां ठरलें तें हेंच कीं फॉक्स हा या घराचा खांब. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत तो खांबच उपटून सॅन अँटोनिओस पाठविण्यांत आला. ज्याच्यासाठीं एक घेतला नाहीं, ज्याच्यासाठीं दुसरा दिला, तोहि गेला. तेलहि गेलें, तूपहि गेलें, अशी आपल्याकडे म्हण आहे; येथें हातीं आलेल्या धुपाटण्याची किंमतहि कोट्यवधि डॉलर पडली, इतकाच फरक. फॉक्सनें आपला करार वाढविण्याचें लांबणीवर टाकलें होतें, त्यामुळें कारभाऱ्यांपुढें पेंच होता हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु खांबानें घर सोडण्याच्या गोष्टी कराव्या, अशी पाळी त्या घरावर कां यावी?

मधल्या काळांतील सुखाचा उल्लेख न करणें कृतघ्नपणाचें होईल. हॅलिबर्टन गेला तेव्हां अनेकांनीं कपाळावर हात मारला. पण साबोनिसच्या येण्यानें दुष्काळ फिटला, हेंहि तितकेंच खरें. २०२२-२३ च्या हंगामांत किंग्जनीं ४८ सामने जिंकले, आणि सर्व संघांत सरासरीनें सर्वाधिक गुण केले. सामना जिंकला कीं क्रीडागृहाच्या माथ्यावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशांत सोडण्याची प्रथा त्याच हंगामांत पडली. बाद फेरींत वॉरियर्सशीं सात सामने झाले. सातव्यांत करीनें एकट्यानें ५० गुण केले आणि आमचा संघ हरला. २००९ सालीं न घेतलेला तोच करी! तरी तो पराभव सन्मानाचा होता. त्या संघास आणखी दोन-तीन वर्षें एकत्र ठेवलें असतें तर तो कोठवर गेला असता, हा विचार आजहि आमची पाठ सोडीत नाहीं. हॅलिबर्टन मात्र इंडियानास २०२५ च्या अंतिम फेरींत घेऊन गेला. पहिला सामना त्यानें ०.३ सेकंद उरले असतां जिंकून दिला. सातव्या सामन्यांत टांचेची शीर तुटून तो कोसळला, आणि अजिंक्यपद ओक्लाहोमा सिटीला गेलें. इंडियानानें त्याच्याभोंवतीं संघ उभारला आणि तीन वर्षें थांबण्याचें धैर्य दाखविलें. आम्हांस हेवा वाटतो तो त्या थांबण्याचा.

प्रशिक्षकांची कथा याहून करुण आहे. २०१३ पासून २०२५ पर्यंत आठ जण त्या आसनावर बसले. पहिले मायकेल मेलोन. त्यांच्या दुसऱ्या हंगामांत संघाचा प्रमुख खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूच्या आवरणाच्या दाहानें आजारी पडला, संघ कांहीं सामने हरला, आणि २०१४ च्या डिसेंबरांत २४ सामन्यांपैकीं ११ जिंकलेले असतां मेलोन यांस निरोप मिळाला. त्यांनीं पुढें डेन्व्हरला जाऊन आठ वर्षें मेहनत केली आणि २०२३ सालीं अजिंक्यपद मिळविलें. दुष्काळ संपविणारे माइक ब्राउन यांस २०२३ सालीं वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून एकमतानें गौरविण्यांत आलें. २०२४ च्या जूनमध्यें त्यांचा करार वाढविला. त्याच वर्षीं २७ डिसेंबरास, ३१ सामन्यांत १३ जय असतां, त्यांस काढून टाकलें. सहा महिन्यांपूर्वीं जो मनुष्य दीर्घ काळासाठीं विश्वासास पात्र होता, तो सहा महिन्यांत कसा अपात्र झाला? त्यानंतर सहा आठवड्यांच्या आंत फॉक्सहि गेला. रोप लावावें आणि मूळ धरलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दर आठवड्यास तें उपटावें, अशा बागवानास फळ न मिळाल्याबद्दल दैवास बोल लावण्याचा अधिकार नाहीं.

मालकाची बाजूहि मांडली पाहिजे. २०१३ सालीं हा संघ सिएटलला जाण्याच्या बेतांत होता. रणदिवे यांच्या मंडळीनें तो घेतला नसता तर सॅक्रॅमेंटोस आज संघच उरला नसता. त्यांनीं शहराच्या मध्यभागीं नवें क्रीडागृह उभारण्याचें वचन दिलें आणि २०१६ सालीं तें पुरें केलें. जो द्रव्य घालतो त्यानें लगाम हातीं ठेवूं नये, असें म्हणणें व्यवहारास सोडून होईल. परंतु त्या क्रीडागृहास शहरानेंहि आपल्या तिजोरींतून मोठा वांटा दिला आहे. आणि संघ राहावा म्हणून तेथील सामान्य लोकांनीं वर्षानुवर्षें जी खटपट केली ती कोणत्याहि हिशेबाच्या वहींत लिहिलेली नाहीं. लेकर्सच्या प्रशिक्षकानें एकदां या गांवास गुराढोरांचें गांव म्हणून हिणविलें, तेव्हां हे लोक गाईच्या गळ्यांतल्या घंटा घेऊन क्रीडागृहांत आले आणि त्या वाजवून त्यांनीं लेकर्सचे कान किटविले. १६ वर्षांच्या दुष्काळांतहि त्या घंटा थांबल्या नाहींत. हेंहि एक भांडवलच आहे, आणि त्यावर व्याज मागण्याचा त्यांस हक्क आहे.

मालकास संघ विकतां येतो. प्रशिक्षकास दुसरीकडे आसन मिळतें; ब्राउन यांस २०२५ सालीं न्यूयॉर्कनें बोलावून घेतलें. खेळाडूंची तर अदलाबदलच होते. प्रेक्षकाची मात्र अदलाबदल होत नाहीं. आमच्या बदल्यांत दुसरा कोणी बोस्टनचा समाधानी प्रेक्षक घेऊन आम्हांस तिकडे पाठवावें, अशी कलमवारी कोणत्याहि करारांत नाहीं. आणि असती तरी आम्ही गेलों नसतों. म्हणूनच कालचा निर्णय कोणता होता हें लक्षांत ठेवण्याचें काम प्रेक्षकाकडे येतें. कचेरींतली माणसें बदलतात, त्यांच्याबरोबर त्यांची आठवणहि जाते. आमची जात नाहीं.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. अजिंक्यपद आम्ही मागत नाहीं. एक बेत करावा, तो कोणताहि असो, आणि तीन वर्षें त्याला हात लावूं नये. त्या बेतानें संघ हरला तर तो पराभव पहिल्या जातीचा ठरेल, आणि तो कसा सोसावा हें आम्हांस ठाऊक आहे. तोंवर एखाद्या सकाळीं, हंगाम बुडालेला असतांहि, सामना जिंकून त्या क्रीडागृहावरून जांभळा झोत आकाशांत गेला, कीं तेवढ्यावर आम्ही गाडी पकडण्यास निघूं.