क्लचबरोबर बेअरिंग

विठ्ठलवाडीतील एका घाऊक कापड पेढीच्या गोदामापुढे ताडपत्रीखाली २००३ सालची पोर्शे बॉक्स्टर उभी असते. पेढीच्या थोरल्या बंधूंनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली होती. रविवारी पहाटे मुरबाडमार्गे माळशेज घाटापर्यंत जाऊन यायचे आणि दहाच्या आत गादीवर बसायचे, एवढाच त्यांचा शौक होता. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गाडी वहिनींच्या नावावर झाली आणि तिची देखभाल धाकट्या बंधूंकडे आली.

यंदा नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचे होते. त्यासाठी गाडी चालती ठेवणे भाग होते आणि क्लच तर घसरू लागला होता. क्लच बदलण्यासाठी गीअरबॉक्स उतरवावा लागतो. गॅरेजच्या मिस्त्रींनी विचारले, “शेठ, गीअरबॉक्स खाली येतोच आहे, तर आतले बेअरिंगही बदलायचे का?”

हा प्रश्न जगभरातील या गाड्यांच्या मालकांना पडलेला आहे. १९९७ ते २००८ या काळातील बॉक्स्टर व ९११ मालिकेतील बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट फिरविणाऱ्या साखळ्यांसाठी एक मधला दांडा असतो. त्याच्या एका टोकास बंदिस्त बॉलबेअरिंग बसविलेले असते. कालांतराने त्याचे सील थकते, आतील ग्रीस धुऊन जाते आणि कोंडलेले जुने तेल मागे राहते. मग गोळ्यांवर खड्डे पडतात आणि दांडा डगमगतो. साखळीचा मेळ चुकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात व सारे इंजिन निकामी होते. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचे बेअरिंग होते, पुढे एकेरी रांगेचे आले आणि तेच अधिक नाजूक ठरले. अमेरिकेतील मालकांचा सामूहिक दावा २०१३ साली तडजोडीने मिटला. त्या प्रकरणात एकेरी बेअरिंग बिघडण्याचे प्रमाण शेकडा सुमारे आठ असल्याचे पुढे आले. २००९ पासूनच्या नव्या इंजिनांतून कंपनीने तो दांडाच काढून टाकला.

धाकट्या बंधूंनी व्यापाऱ्याच्या रीतीने हिशेब मांडला. गॅरेजच्या अंदाजानुसार नव्या इंजिनाचा खर्च शंभर धरला, तर केवळ बेअरिंगसाठी गीअरबॉक्स उतरविण्याचा खर्च बावीस होता. क्लचबरोबर केल्यास वाढीव खर्च नऊच. शंभरात आठ गाड्या बिघडतात, म्हणजे संभाव्य तोटा आठ. शिवाय ज्यांची बेअरिंगे कच्ची होती त्या गाड्या बहुधा आधीच मोडीत गेल्या. वीस वर्षे टिकलेल्या गाडीचा धोका त्याहून कमीच असणार. आठ वाचविण्यासाठी नऊ कोण घालतो? त्यांनी वहीत ‘नको’ असे लिहिले.

वहिनींनी ती वही पाहिली. त्या म्हणाल्या, “भाऊजी, शंभर गाड्यांची सरासरी विमा कंपनीने काढावी. आपल्याकडे एकच आहे.”

मोटारीच्या नेहमीच्या विम्यात झीज व यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. इंजिन गेलेच, तर एवढ्या जुन्या गाडीवर शंभर खर्च करण्याचा सल्ला कोणीही देणार नाही. गाडी भंगारातच जाईल. तेव्हा नफातोट्याच्या पलीकडचा प्रश्न शिल्लक राहत होता: ही वस्तू घरात हवी की नको? नको असेल, तर क्लचवरही खर्च कशाला? हवी असेल, तर नऊसाठी घासाघीस कशाला? धाकट्या बंधूंनी हिशेब बरोबर केला होता, पण त्यांनी तो इंजिनाचा केला होता.

वहिनींनी मग कपाटातून थोरल्या बंधूंची छोटी डायरी आणून दिली. पेट्रोल, हवा, ऑइल यांच्या नोंदींखाली एक ओळ होती: क्लचबरोबर बेअरिंग.

मिस्त्रींनी एक अट घातली. प्रथम ऑइल फिल्टर कापून पाहायचा. त्यात धातूचा चुरा निघाला, तर नवे बेअरिंग घालणे व्यर्थ, कारण तो चुरा तोवर इंजिनभर फिरलेला असतो. फिल्टर स्वच्छ निघाला. मग गीअरबॉक्स, क्लच व फ्लायव्हील उतरविले, कॅमशाफ्ट जागी जखडून ठेवले आणि जुने बेअरिंग ओढून काढले. त्याजागी सिरॅमिक गोळ्यांचे बेअरिंग बसविले. त्यालाही मुदत आहेच. ती तारीख धाकट्या बंधूंनी त्याच डायरीत, त्या ओळीखाली लिहून ठेवली.

जुने बेअरिंग बोटावर फिरविले तर सील थोडे कडक झालेले, पण गोळे गुळगुळीत होते. आणखी काही वर्षे ते सहज चालले असते. पुतण्या म्हणाला, “काका, पैसे वायाच गेले की!”

“गोदामाला यंदा आग लागली का? मग विम्याचा हप्ता वाया गेला म्हणायचे का?” काकांनी विचारले.

फार काळ उभी राहिलेली गाडी या दुखण्याला अधिक बळी पडते, असे जाणकार मिस्त्री सांगतात. आता दर रविवारी पहाटे ताडपत्री निघते. धाकट्या बंधूंना वेगाची हौस नाही. ते मुरबाडपर्यंत जातात, चहा घेतात आणि परततात. शेजारच्या आसनावर बहुधा वहिनी असतात. दहाच्या आत गादी उघडते.