रोजची सायकल हाच सराव



बैहरच्या आसपासच्या गावांतून आपली बरीच मुले सायकलने शाळेत येतात. येताना ५ कि.मी. व जाताना ५ कि.मी. धरले, तर आठवड्याच्या ६ दिवसांत ६० कि.मी. होतात. आम्ही याला सरावच मानतो.

हौशी सायकलपटू असाच सराव करतात. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यात लहान फेऱ्या, रविवारी एक लांब फेरी, मध्ये विश्रांती. अंतर हळूहळू वाढवायचे. ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेरीत २०० कि.मी. अंतर १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करायचे असते. तिथे पहिला नंबर काढत नाहीत. मुदतीत पोहोचला तो उत्तीर्ण. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० कि.मी.ची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली.

आपल्याकडे मात्र दहावी झाली की सायकल ओसरीत पडते आणि मोटरसायकलचा हट्ट सुरू होतो. पालकांना आमची विनंती आहे, गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षांआधी मिळत नाही, तोवर हा हट्ट पुरवू नये. मुलांनी दर रविवारी हवा, ब्रेक, चेन स्वतः तपासावी. रस्त्यावर आपसांत शर्यत लावू नये.

घंटेआधी सुखरूप पोहोचलेले प्रत्येक मूल आमच्या हिशेबी उत्तीर्णच आहे.